पहिल्या तक्रारीपासून शेवटच्या गाडीपर्यंत: सुरक्षा दोष हाताळताना वाहन कंपनीने काय करावे

मोटारगाडीत लहानमोठे मिळून तीस हजारांच्या आसपास सुटे भाग असतात, ते शेकडो पुरवठादारांकडून येतात आणि रस्त्यावर आलेली गाडी पुढे पंधरा-वीस वर्षे उन्हापावसात, खड्ड्यांतून आणि वेगवेगळ्या मालकांच्या हातांत चालत राहते. त्यामुळे एखाद्या मॉडेलमध्ये सुरक्षेला बाधा आणणारा दोष निघाला, एवढ्यावरून ती कंपनी बेजबाबदार ठरत नाही. कंपनीतल्या कोणाला तरी धोक्याची पहिली कुणकुण लागली ती एक तारीख आणि गाडीच्या मालकाला त्याची स्पष्ट सूचना मिळाली ती दुसरी तारीख, या दोहोंमधल्या अंतरावरून तिची जबाबदारी मोजावी लागते. वाहनउद्योगातली गाजलेली प्रकरणे चाळली, तर मोठमोठे दंड प्रामुख्याने या मधल्या काळात जे केले गेले किंवा केले गेले नाही त्याबद्दल झालेले दिसतात.

पुढील विवेचन वाहन कंपनीच्या गुणवत्ता, सेवा, विधी आणि खरेदी विभागांत काम करणाऱ्यांना उद्देशून आहे. गाडीच्या मालकालाही आपल्या कंपनीकडून काय अपेक्षा ठेवता येईल हे त्यातून समजेल.

‘रिकॉल’ या शब्दाचा खुलासा आधीच केलेला बरा. आपण ‘कंपनीने गाड्या माघारी बोलावल्या’ असे म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की कंपनी गाडी परत घेणार आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा गाडी सर्व्हिस सेंटरला जाते, सदोष भाग विनामूल्य बदलला जातो किंवा सॉफ्टवेअर सुधारले जाते आणि गाडी मालकाकडे परत येते. दुसरी गाडी देणे किंवा किंमत परत करणे हे पर्याय अनेक देशांच्या कायद्यांत आहेत, पण ते क्वचित वापरले जातात. रिकॉलची वॉरंटीशीही गल्लत करू नये. वॉरंटीला मुदत असते आणि मालकाने तक्रार आणल्यावरच ती कामी येते. रिकॉलमध्ये मात्र ज्याच्या गाडीला अद्याप काहीही झालेले नाही अशा मालकालाही कंपनीनेच शोधून काढायचे असते.

दोषाची वर्गवारी परिणामावरून करावी

जनरल मोटर्सच्या शेव्हर्ले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि त्यांच्या भावंड मॉडेलमधल्या इग्निशन स्विचचे प्रकरण या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाने बारकाईने समजून घ्यावे. चावी फिरवायला जितका जोर लागायला हवा होता त्यापेक्षा कमी जोराने हा स्विच फिरत असे. कंपनीने स्वतःच ठरवलेल्या तांत्रिक मापातही (विनिर्देशातही) तो बसत नव्हता. चावीच्या जुडग्याचे वजन, गुडघ्याचा धक्का किंवा रस्त्यावरचा हादरा एवढ्याने चालत्या गाडीतली चावी ‘रन’वरून (इंजिन चालू) ‘ॲक्सेसरी’वर (इंजिन बंद, फक्त रेडिओसारखी उपकरणे चालू) सरकत असे. इंजिन बंद पडे, स्टीअरिंग जड होई, ब्रेकची शक्ती घटे. गाडी मध्येच बंद पडते अशा तक्रारी कंपनीकडे २००४-०५च्या सुमारासच आल्या होत्या, परंतु बंद पडलेली गाडी जोर लावून वळवता आणि थांबवता येते, असा विचार करून त्यांची नोंद ‘ग्राहकाची गैरसोय’ या खात्यात झाली. स्विच ‘ॲक्सेसरी’वर गेला की एअरबॅगही उघडत नाही, हा दुवा ज्यांनी जोडायला हवा होता त्यांनी वर्षानुवर्षे जोडला नाही. रिकॉल सुरू झाला तो फेब्रुवारी २०१४ मध्ये, आणि नंतर नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

या साऱ्याचे मूळ चुकीच्या खात्यात पडलेल्या एका नोंदीत आहे. गैरसोयीच्या खात्यात गेलेल्या दोषाला गैरसोयीचे मापदंड लागतात: दुरुस्तीला खर्च किती, प्रति गाडी फायदा किती, पुढच्या मॉडेलमध्ये बदलले तर चालेल का. सुरक्षेच्या खात्यात हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. म्हणून तक्रार हाती आल्यावर कारण शोधण्याआधी परिणाम लिहून काढावा. हा भाग भरधाव गाडीत, पावसात, रात्री, नवख्या चालकाच्या हातात निकामी झाला, तर पुढच्या काही सेकंदांत काय काय घडेल? त्याच क्षणी आणखी कोणत्या यंत्रणा बंद पडतील? गाडीबाहेरच्या पादचाऱ्याचे काय होईल? आग, नियंत्रण सुटणे, अचानक बंद पडणे, ब्रेक किंवा स्टीअरिंग निकामी होणे, एअरबॅग न उघडणे वा विनाकारण उघडणे, सीटबेल्ट सुटणे, उभी गाडी आपोआप घरंगळणे यांपैकी एकही शक्यता या उत्तरात आली, तर ती नोंद सुरक्षेच्या खात्यातच जावी. वातानुकूलन यंत्र थंड न करणे, रंग उडणे, पत्र्यावर वरवरचा गंज चढणे या गोष्टी वेगळ्या खात्यात राहू शकतात. सीमारेषेवरच्या प्रकरणात सुरक्षेचे खाते निवडावे, कारण तिथून नोंद खाली उतरवणे सोपे असते आणि गैरसोयीच्या खात्यातून ती वर चढवायला मात्र बहुधा एखादा अपघात घडावा लागतो.

‘चालक सावध असेल तर अपघात टाळता येतो’ हा युक्तिवाद सभेत कोणी ना कोणी मांडतोच. तो इतिवृत्तात जरूर नोंदवावा, पण वर्गवारीसाठी ग्राह्य धरू नये.

खबर कुठून येते

सुरक्षा दोषाची पहिली बातमी क्वचितच अहवालाच्या रूपाने येते. ती जॉब कार्डावर मेकॅनिकने लिहिलेल्या अर्ध्या ओळीत असते, वॉरंटीच्या दाव्यांत एकाच भागाची मागणी महिन्यागणिक वाढत जाण्यात असते, ग्राहक सेवेला आलेल्या रागाच्या फोनमध्ये असते, विमा कंपनीच्या पत्रात किंवा न्यायालयाच्या नोटिशीत असते. हे सारे प्रवाह वेगवेगळ्या विभागांकडे जातात आणि प्रत्येक विभागाला आपल्यापुरता थेंबच दिसतो. म्हणून सर्व स्रोतांतली माहिती एकत्र वाचणारा छोटा, पण स्वतंत्र गट असावा. तो विक्री किंवा उत्पादन विभागाच्या हाताखाली नसावा आणि त्याच्या प्रमुखाला थेट संचालक मंडळापर्यंत जाता यावे. विधी विभागाकडे आलेले अपघातांचे दावे या गटाला दिसतील अशी व्यवस्था मुद्दाम करावी लागते. एरवी वकील ते गोपनीय म्हणून जवळ ठेवतात आणि अभियंते दुसऱ्या खोलीत तोच भाग निर्दोष मानून बसलेले असतात.

परदेशातली खबर ही आपलीच खबर समजावी. फायरस्टोन टायरचे थर सुटण्याच्या तक्रारींवरून फोर्डने १९९९ मध्ये सौदी अरेबियात आणि २००० मध्ये व्हेनेझुएलात टायर बदलून द्यायला सुरुवात केली, तेव्हा अमेरिकेतल्या मालकांना त्याचा पत्ता नव्हता. तिथे ६५ लाख टायर परत बोलावण्याची घोषणा झाली ऑगस्ट २००० मध्ये. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून परदेशातल्या मोहिमांची आणि मृत्यू वा दुखापतीच्या दाव्यांची माहिती नियामकाला, म्हणजे वाहन सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेला, कळवणे बंधनकारक केले. या माहितीकडे निव्वळ कागदी उपचार म्हणून पाहण्याची किंमतही मोजावी लागते. २००३ ते २०१४ या काळातले मृत्यू आणि दुखापतींचे १,७२९ दावे आणि सूचना कळवल्या नाहीत म्हणून होंडाला २०१५ मध्ये ७ कोटी डॉलरचा दंड झाला.

जपानमधल्या मित्सुबिशी मोटर्सचे उदाहरण याहून कठोर आहे. ग्राहकांच्या तक्रारी सरकारपासून लपवण्याची पद्धत तिथे वीस वर्षांहून अधिक काळ चालू होती, हे २००० मध्ये उघड झाले. त्यानंतरही २००२ मध्ये योकोहामा शहरात कंपनीच्या एका ट्रकचे चाक निखळून एका महिलेचा बळी गेला, तेव्हा ‘देखभाल नीट नव्हती’ असे सांगण्यात आले. चाकाच्या हबच्या रचनेतच दोष आहे, हे मान्य व्हायला २००४ उजाडले आणि कंपनीच्या माजी वरिष्ठांना अटक झाली. ‘ग्राहकाने देखभाल केली नाही’ हे कारण पुढे आले, की तपास करणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा: तितकीच हेळसांड झालेल्या इतर कंपन्यांच्या गाड्यांत हाच भाग असाच तुटतो का? उत्तर नकारार्थी असेल, तर देखभालीचे कारण बाजूला ठेवावे.

तक्रार लिहिताना भाषा सरळ ठेवावी, हेही इथेच सांगितले पाहिजे. जनरल मोटर्सने २००८ मध्ये कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात ‘दोष’, ‘सुरक्षा’, ‘धोकादायक’ यांसारखे शब्द अहवालात टाळावेत असे शिकवले होते, हे पुढे नियामकाशी झालेल्या तडजोडीच्या आदेशातून उघड झाले. शब्द काढून टाकल्याने धोका जात नाही. फक्त अहवाल वाचणारा वरिष्ठ निर्धास्त होतो. ‘गाडी ताशी ८० किलोमीटर वेगात असताना इंजिन बंद पडले, चालकाने सांगितले की स्टीअरिंग वळेना’ असे घडले तसे, वेळ आणि वेग यांसह लिहावे. मत आणि निरीक्षण वेगळे ठेवले, तर कोणत्याही शब्दावर बंदी घालण्याची गरज उरत नाही.

निर्णय कोणी आणि केव्हा घ्यावा

सुरक्षा गटाने प्रकरण पुढे मांडले, की निर्णय समितीने ते ठरावीक दिवसांत निकाली काढावे आणि ही मुदत कंपनीच्या नियमावलीत आकड्यात लिहिलेली असावी. समितीत अभियांत्रिकी, गुणवत्ता, सेवा आणि विधी विभाग असावेत. वित्त विभागाने खर्चाची तरतूद करावी, पण दोष सुरक्षेचा आहे की नाही यावर त्याला मत नसावे. निर्णयाखाली एका व्यक्तीचे नाव आणि सही असावी. जनरल मोटर्सच्या प्रकरणाचा जो अंतर्गत तपास २०१४ मध्ये झाला, त्यात सभेत सर्वांनी मान डोलवायची आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करायचे नाही, या सवयीला कंपनीतलेच लोक काय म्हणत तेही नोंदले गेले आहे: ‘जीएमची मान’. ही मान इतर कंपन्यांतही डोलत असणार, असे मला वाटते. तिच्यावर उपाय एकच, की प्रत्येक ठरावापुढे नाव आणि तारीख असावी आणि ती तारीख उलटली की विषय आपोआप वरच्या पायरीवर जावा.

मूळ कारण सापडेपर्यंत थांबण्याचा मोह अभियंत्यांना होतो आणि तो समजण्यासारखा आहे, कारण कारण न कळता उपाय करणे त्यांच्या शिक्षणात बसत नाही. तथापि कायद्याचे घड्याळ कारणावर चालत नाही. अमेरिकेत सुरक्षेशी संबंधित दोष आहे असे ठरल्यापासून पाच कामाच्या दिवसांत नियामकाला कळवावे लागते, आणि कंपनीने हे कधी ‘ठरवले’ एवढेच न पाहता तिला ते कधी ठरवता आले असते हेही पाहिले जाते. युरोपीय संघाच्या २०१८च्या नियमावलीत गंभीर धोका आढळताच तातडीने उपाय करण्याची आणि मान्यता देणाऱ्या प्राधिकरणाला कळवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. भारतात २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम ११०अ रिकॉलचे आदेश देण्याचा अधिकार सरकारला देते. मात्र उत्पादकाने स्वतः दोष कळवून रिकॉल सुरू केला, तर त्याला दंड होत नाही, अशी तरतूदही त्याच कलमात आहे. आपणहून बोलणाऱ्याला सवलत आणि लपवणाऱ्याला शिक्षा, असा या तरतुदीचा सरळ अर्थ आहे.

कारण अज्ञात असतानाही धोका ज्ञात असू शकतो, हे टकाटा या जपानी पुरवठादाराच्या एअरबॅगनी दाखवून दिले. फुग्यात वायू भरणारा धातूचा इन्फ्लेटर फुटून त्याचे तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसत होते. आर्द्रता शोषणारा पदार्थ नसलेले अमोनियम नायट्रेट, ओलावा आत शिरू देणारी जोडणी आणि वर्षानुवर्षांची उष्ण-दमट हवा या तिघांचा हा एकत्रित परिणाम आहे, असा स्वतंत्र तपासाचा निष्कर्ष २०१६ मध्ये जाहीर झाला. पहिला रिकॉल त्याच्या आठ वर्षे आधीचा आहे. कारणाची वाट पाहत बसणे कोणाला परवडले असते?

किती गाड्या बोलवाव्यात

टकाटाचा तो पहिला रिकॉल नोव्हेंबर २००८ मध्ये होंडाने केला, तेव्हा त्यात सुमारे ४,००० गाड्या होत्या. ठरावीक काळातल्या उत्पादनापुरती ती चूक आहे असे मानले गेले होते. पुढे रिकॉलमागून रिकॉल होत गेले, डझनाहून अधिक कंपन्या त्यात ओढल्या गेल्या आणि अखेरीस एकट्या अमेरिकेतच सुमारे ६.७ कोटी इन्फ्लेटर बदलण्याची वेळ आली. आरंभी व्याप्ती लहान ठरवण्यात काही गैर नसते, पण ती कोणत्या पुराव्यावर ठरवली हे लिहून ठेवावे, आणि ठरवलेल्या सीमेबाहेरची एक जरी घटना घडली तरी संपूर्ण गृहीतक रद्द समजून नव्याने मोजणी करावी. एकेक बॅच वाढवत नेणारी कंपनी मालकांचा विश्वास दर खेपेस थोडा थोडा गमावते.

व्याप्ती नेमकी ठरवता येण्यासाठी भागांचा माग काढता आला पाहिजे. कोणत्या बॅचचा भाग कोणत्या चासी नंबरच्या गाडीत बसला, तो पुरवठादाराने कोणत्या तारखेला बनवला, त्यात केव्हा बदल केला, ही नोंद गाडीच्या पूर्ण आयुष्यभर टिकावी. इग्निशन स्विचच्या प्रकरणात २००६ मध्ये स्विच सुधारला गेला, मात्र त्याचा पार्ट नंबर तोच राहिला. त्यामुळे नव्या गाड्यांत अपघात का घटले हे तपास करणाऱ्यांना वर्षानुवर्षे उमगेना, आणि शेवटी कंपनीविरुद्धच्या खटल्यात वादीच्या बाजूने काम करणाऱ्या एका अभियंत्याने दोन स्विच उघडून शेजारी ठेवले तेव्हा फरक दिसला. त्याच घोटाळ्याची दुसरी बाजू रिकॉलच्या वेळी पुढे आली. जुने स्विच सुटे भाग म्हणून दुकानांत पोहोचले होते आणि दुरुस्तीच्या निमित्ताने नंतरच्या वर्षांच्या गाड्यांतही बसले असण्याची शक्यता होती, म्हणून सुमारे ७.८ लाख गाड्यांपासून सुरू झालेला आकडा सहा आठवड्यांत जगभरातल्या सुमारे २६ लाखांवर गेला. भागाच्या रचनेत, साहित्यात किंवा तो फिरवायला लागणाऱ्या जोरात कोणताही बदल झाला, तर पार्ट नंबर बदलल्याशिवाय तो उत्पादनात घेऊ नये. हा नियम साधा आहे आणि महागडाही नाही.

तोच पुरवठादार तोच भाग आणखी कोणाला देतो हेही विचारावे. स्पर्धक कंपनीला सावध करणे संकोचाचे वाटत असेल, तर नियामकामार्फत कळवावे. पुरवठादाराशी खर्चाचा वाद होणारच आहे, पण तो मालकांना सूचना गेल्यानंतर करावा. आगीच्या धोक्यामुळे जनरल मोटर्सच्या शेव्हर्ले बोल्ट या विजेवरच्या गाडीच्या बॅटऱ्या बदलण्याचा बहुतेक खर्च, १९० कोटी डॉलरपर्यंत, पुरवठादार एलजीने उचलण्याचे मान्य केले, ते रिकॉल जाहीर झाल्यावरच.

मालकाला काय सांगावे

मालकाला पाठवायचे पत्र वकिलाने तपासावे, पण लिहू नये. त्यात गाडीत काय चुकले आहे, त्यामुळे काय होऊ शकते, धोक्याची पूर्वसूचना कशी ओळखावी, दुरुस्ती होईपर्यंत काय करावे आणि काय टाळावे, दुरुस्तीला किती वेळ लागेल आणि ती विनामूल्य आहे, एवढ्या गोष्टी पहिल्या पानावर, मालकाच्या भाषेत असाव्यात. ‘काही विशिष्ट परिस्थितीत यंत्रणेची कार्यक्षमता बाधित होण्याची संभाव्यता आहे’ या वाक्यातून चालत्या गाडीला आग लागू शकते हे कोणालाही कळणार नाही. जाहिरातीचे पत्र समजून लोक लिफाफा फेकून देतात, म्हणून अमेरिकेत अशा लिफाफ्यावर सुरक्षा रिकॉलचा ठळक शिक्का सक्तीचा आहे. मुळात दोष नाहीच असे सुचवणारी वाक्ये पत्रात घालायलाही तिथे मनाई आहे.

माहिती अर्धवट देणे हे लपवण्याइतकेच महागात पडते. पायपुसणे ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली अडकून गाडी बेफाम धावण्याच्या प्रकरणात टोयोटाने २००९ मध्ये मूळ कारणाचा बंदोबस्त झाला आहे अशी ग्वाही दिली. पेडल स्वतःच चिकटून राहण्याचा दुसरा दोष तेव्हा कंपनीला ठाऊक होता. ग्राहकांची दिशाभूल केल्याच्या या आरोपात २०१४ मध्ये कंपनीला १२० कोटी डॉलर भरावे लागले.

सर्वांत नाजूक काळ सूचना गेल्यानंतर आणि सुटे भाग तयार होण्यापूर्वीचा असतो. २०१६ मध्ये जीप ग्रँड चेरोकीसह ११ लाख गाड्यांच्या गिअर निवडण्याच्या दांड्याबद्दल रिकॉल जाहीर झाला. गाडी ‘पार्क’मध्ये आहे असे वाटून चालक उतरायचा आणि गाडी घरंगळायची. घोषणा एप्रिलमधली होती आणि दुरुस्ती सर्वांपर्यंत पोहोचण्यापूर्वी जूनमध्ये एका तरुण अभिनेत्याचा त्याच मॉडेलची घरंगळलेली गाडी आणि फाटकाजवळचा खांब यांच्यामध्ये चिरडून मृत्यू झाला. म्हणूनच या काळासाठी कंपनीकडे ठोस सल्ला असला पाहिजे: दर वेळी हँडब्रेक ओढावा, जुडग्यातून इतर किल्ल्या काढून एकच चावी ठेवावी, गाडी इमारतीपासून दूर उघड्यावर उभी करावी, बॅटरी ठरावीक टक्क्यांपलीकडे चार्ज करू नये. आणि धोका तितकाच मोठा असेल तर ‘गाडी चालवू नका’ असे सरळ सांगावे. २००१ ते २००३ या काळातल्या काही होंडा गाड्यांमधले टकाटाचे इन्फ्लेटर चाचणीत निम्म्यापर्यंत फुटले, तेव्हा नेमके हेच सांगितले गेले. असे सांगणाऱ्या कंपनीने मालकाच्या दारातून गाडी उचलून नेण्याची आणि तोपर्यंत पर्यायी गाडी देण्याची व्यवस्थाही त्याच पत्रात द्यावी. ‘चालवू नका’ म्हणायचे आणि ‘सर्व्हिस सेंटरला घेऊन या’ असेही म्हणायचे, हा विनोद वाचणाऱ्याला हसवत नाही.

विक्रेत्यांकडच्या न विकलेल्या गाड्यांची विक्री त्याच दिवशी थांबवावी. दुरुस्तीविना एकही गाडी ग्राहकाच्या हाती जाऊ नये, मग तिचे पैसे भरून झालेले असोत वा नसोत.

उपायाची परीक्षा

घाईत केलेला उपाय स्वतःच रिकॉलचे कारण बनू शकतो. बोल्टच्या बॅटरीत एकाच सेलमध्ये दोन उत्पादनदोष जुळून आले की आग लागत असे. पहिल्या रिकॉलमध्ये सॉफ्टवेअरने धोका ओळखता येईल असे मानले गेले. ती दुरुस्ती झालेल्या गाडीनेही पेट घेतला आणि २०२१ मध्ये सर्व बोल्ट गाड्यांपर्यंत रिकॉल वाढवून बॅटरीचे भागच बदलावे लागले. टकाटाच्या बाबतीत तर अनेक गाड्यांत जुना इन्फ्लेटर काढून त्याच प्रकारचा नवा बसवला गेला, म्हणजे धोका काही वर्षे पुढे ढकलला गेला, आणि त्या गाड्या पुन्हा बोलवाव्या लागल्या. तात्पुरता उपाय करण्यात कमीपणा नाही. तो तात्पुरता आहे हे मालकाला आणि नियामकाला सांगितलेले असावे आणि कायमच्या उपायाची फाइल उघडीच राहावी.

भाग अपुरे असतील तर वाटप धोक्यानुसार करावे. उष्ण-दमट प्रदेशातल्या सर्वांत जुन्या गाड्यांना आधी इन्फ्लेटर द्यायचे, हे अमेरिकेतल्या नियामकाने ठरवून दिले होते. कंपनीने स्वतःहून तसेच केले पाहिजे. नव्या गाड्यांच्या उत्पादनासाठी भाग राखून ठेवणे आणि जुन्या मालकांना रांगेत उभे करणे समर्थनीय नाही. मेकॅनिकला रिकॉलच्या कामाचा पूर्ण मोबदला मिळावा, कारण कमी दराचे काम घाईत उरकले जाते.

मोबाइल जोडणीवरून पाठवलेले सॉफ्टवेअर हा उपाय स्वस्त आणि झटपट आहे, आणि म्हणूनच त्यात गुपचूप दुरुस्ती करण्याचा मोह असतो. २०२१ मध्ये टेस्लाने आपत्कालीन वाहनांचे दिवे ओळखण्याबाबतचे अपडेट रिकॉल न करता पाठवले, तेव्हा अमेरिकी नियामकाने त्याचा जाब विचारला. अपडेटमागचा हेतू सुरक्षा दोष दूर करणे हा असेल, तर ते हवेतून गेले तरी रिकॉलच आहे: नियामकाला सूचना, मालकाला पत्र आणि किती गाड्यांत ते उतरले याचा हिशेब, हे सारे त्याला लागू होते.

शेवटच्या गाड्या

पहिल्या निम्म्या गाड्या स्वतःहून येतात. उरलेल्या शोधाव्या लागतात, आणि त्यांतच सर्वांत जुन्या, तीन-चार हात बदललेल्या, अधिकृत सर्व्हिस सेंटरचे तोंड न पाहिलेल्या गाड्या असतात. विक्रीच्या वेळचा पत्ता इथे उपयोगी पडत नाही. वाहन नोंदणीच्या सरकारी नोंदी, विमा कंपन्या, बाहेरची गॅरेज, जुन्या गाड्यांचे दलाल यांच्याकडून सध्याचा मालक शोधावा. एका पत्राला उत्तर आले नाही तर संदेश, फोन आणि शेवटी प्रत्यक्ष भेट या क्रमाने जावे. चासी नंबर टाकून आपली गाडी तपासण्याची सोय प्रत्येक कंपनीने खुली ठेवावी. भंगारात गेलेल्या गाड्यांमधले सदोष भाग विकत घेऊन नष्ट करणे विसरले जाते, आणि तोच भाग एखाद्या धडधाकट गाडीत बसून परत रस्त्यावर येतो.

मनावर घेतले तर आकडा कुठवर जातो, हे ऑस्ट्रेलियात दिसले. तिथे २०१८ मध्ये टकाटाचा रिकॉल सक्तीचा करण्यात आला, कंपन्यांना मुदतीची उद्दिष्टे दिली गेली आणि ३० लाखांहून अधिक गाड्यांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त गाड्यांचा २०२०च्या अखेरीपर्यंत बंदोबस्त झाला किंवा निदान छडा लागला. कालमर्यादा नसलेल्या रिकॉलमध्ये हे प्रमाण इतके चढत नाही.

या सर्व टप्प्यांत कंपनीतलाच एखादा माणूस ‘आपण उशीर करत आहोत’ असे म्हणत असेल, तर त्याचे म्हणणे वरपर्यंत पोहोचवणारा रस्ता आधीच बांधलेला असावा. ह्युंदाई आणि किया यांनी इंजिनातल्या दोषाबद्दल वेळेवर रिकॉल केला नाही, या प्रकरणात २०२० मध्ये अमेरिकेत दोघांवर मिळून २१ कोटी डॉलरचा दंड ठरला. त्याची माहिती देणारा ह्युंदाईचाच माजी अभियंता होता आणि नियामकाने त्याला २.४ कोटी डॉलरहून अधिक बक्षीस दिले. त्याने प्रथम कंपनीतच आवाज उठवला होता.

रिकॉलची फाइल बंद करण्यापूर्वी तिच्यात पहिल्या तक्रारीची तारीख, वर्गवारीचे कारण, निर्णयावर सही करणाऱ्याचे नाव, व्याप्ती ठरवण्याचा पुरावा, पत्राची प्रत आणि दुरुस्त न झालेल्या प्रत्येक गाडीचा चासी नंबर असावा. दुरुस्त झालेल्या गाडीच्या मालकाने पुन्हा तीच तक्रार आणली, तर तिला नवा क्रमांक देऊ नये. हीच फाइल उघडावी आणि ती तक्रार पहिल्या तारखेखालीच नोंदवावी.